करंजवेळेचा धुराचा बुधवार

आखाडातल्या बुधवारी करंजवेळेत उतरलेला पाहुणा आधी काय करत असेल, तर नाकाला रुमाल लावतो. लावा, आमचं काही म्हणणं नाही. दिवेलागणीच्या सुमाराला गावातल्या एकूण एक घरात, तिन्ही आळ्यांत, तव्यावर सुके बोंबील नाहीतर सुकट पडते आणि पावसाळी हवेत तो धूर वर जायचं नाव घेत नाही. कौलांवरून उतरतो, अंगणात बसतो, दोरीवरच्या कपड्यांत शिरतो. नुसता म्हावऱ्याचा वास असता तर एक वेळ तुम्ही चालवून घेतला असता, पण त्यात निरगुडीच्या पाल्याचा कडवट दर्प असतो. ज्या नाखव्याच्या तीन यांत्रिक होड्या बंदरात उभ्या आहेत त्याच्या घरातून तोच वास येतो, आणि ज्याचं छप्पर गेल्या वादळात उडालं त्याच्या घरातूनही तोच.

बंदराच्या वरच्या अंगाला, करंजांच्या झाडांत, जांभ्याच्या जोत्यावर एक लांबट घर आहे ते बघा. खाली मोकळं, वर माळा, आणि माळ्याला एकच दार. त्याला वाटाघर म्हणतात. हल्ली बाहेर न्यासाची पाटी लागली आहे, विश्वस्त आहेत, वर्षाची सभा होते, सभेत भांडणंही होतात. वादळात कौलं उडाली तेव्हा वाटाघरानं पत्रे दिले. साथीत मासळी बाजार बंद पडले तेव्हा सहा महिने शिधा दिला. एका पोरीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा भार उचलला. कुठल्या पोरीच्या, ते मात्र विचारायचं नाही. मध्ये बाहेरून एक देणगीदार मंडळी आली होती. माणसं चांगली, दोन टेम्पो भरून सामान घेऊन आलेली. फक्त म्हणाली, घेणाऱ्यांचे फोटो लागतील. गाव म्हणालं, काढा की, पण मग अडीचशे घरांचे काढा. मंडळी जरा हिरमुसली. त्यांना आवडीबायची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. तुम्ही बसा त्या ओट्यावर, पाऊस काही इतक्यात उघडत नाही.

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते कुणाला सांगता येत नाही. होड्यांना शिडं होती आणि गावात पंचवीस-तीस झोपड्या होत्या, एवढंच सांगतात. तेव्हापासूनचा रिवाज असा, की दर्यातून आलेल्या प्रत्येक होडीनं पहिली पाटी देवीची म्हणून बाजूला काढायची. ती विकायची नाही, खायची नाही. बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगून वाळवायचे, खळ्यावर सुकट पसरायची आणि वाळलं की वाटाघराच्या माळ्यावर चढवायचं. त्यातलं थोडं वरच्या कुणब्यांच्या गावांत देऊन बदल्यात तांदळाच्या कण्या आणायच्या. त्याही त्याच माळ्यावर. किडा लागू नये म्हणून थराथरात निरगुडीचा पाला घालायचा. मग पावसाळ्यात दर्या बंद झाला, की ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत त्याला तिथून मिळायचं.

कुणाला द्यायचं हे वाटाघराची बाय ठरवायची. किल्ली तिच्या कमरेला. किल्ली घेताना ती देवीपुढं शपथ घ्यायची, की घेणाऱ्याचं नाव माझ्या जिभेवर येणार नाही. शपथ चांगलीच होती. पण निरगुडीला कुणी शपथ घातली नव्हती. वाटाघराच्या कण्यांची पेज चुलीवर चढली, की तो दर्प आळीभर फिरून सांगून यायचा, आज या घरी कुठलं अन्न शिजतंय ते. चांगल्या सालात असल्या गोष्टींकडे कोण लक्ष देतो? वाईट सालात मात्र माणसाला दुसऱ्याच्या चुलीशिवाय काही दिसत नाही.

तसं एक साल आलं. शिमग्यानंतर दर्यानं पाठच फिरवली म्हणे. होड्या जायच्या आणि शेवाळ घेऊन यायच्या. देवीची पहिली पाटी अर्धी भरली तरी लोक हात जोडायचे. आणि नेमकी त्याच साली आवडीबायच्या डोक्यात किडा शिरला.

आवडी वरच्या आळीत राहायची. तिचा नवरा लखमा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. तीस वर्षं त्यानं इमानानं पहिली पाटी देवीला दिली आणि एका दिवाळीनंतर तो दर्यात गेला तो आलाच नाही. होडी सापडली, तो सापडला नाही. आवडी रडली, पण कुणापुढं हात पसरला नाही. डोक्यावर पाटी घेऊन चार-चार कोस चालत सुकं म्हावरं विकलं आणि एकुलत्या लेकीचं, हौशीचं लग्न केलं. मागायला म्हणून वाटाघराच्या पायरीवर तिनं कधी पाऊल टाकलं नाही. तिचं एकच म्हणणं असायचं, "त्या माळ्यावर माजे घोवाचा घाम हाय. त्याला कोनी हात लावील तर मना खपायचा नाय."

आणि तिचं नाक. त्या नाकाबद्दल गाव आजही बोलतं. धूर हुंगून ती सांगायची, बोंबील कुणाच्या वलांडीवरचा, वाळताना त्यावर पावसाचे शिंतोडे पडलेत की नाही, तवा लोखंडाचा की मातीचा. व्यापारी माल घेताना तिला हाक मारायचे. पोरं तिला लांबूनच बघून तोंड पुसायची. गाव हसायचं, पण जरा बेतानंच हसायचं.

वाटाघराची किल्ली तेव्हा चांगुणाबायकडे होती. खालच्या आळीत राहणारी एकटी विधवा. बोलायची कमी, हसायची त्याहून कमी, आणि पदराखाली झाकलेली टोपली घेऊन भिंतीच्या कडेनं चालायची. आता टोपली झाकून नेणं हे तिचं कामच होतं. पण एकदा संशय आला की माणसाच्या चालण्यातही चोरी दिसायला लागते, तसं आवडीचं झालं. होळीला तिनं माळा बघितला होता तेव्हा पाला आढ्याला टेकला होता. आखाड लागायच्या आधी दारातून डोकावली, तर थर कमरेइतका खाली उतरलेला. एवढं गेलं कुठं? गावात तर प्रत्येक जण छाती काढून सांगतोय, आमचं बरं चाललंय. मग खातंय कोण?

उत्तर तिला नाकानंच दिलं, असं तिला वाटलं.

हौशीचं सासर खालच्या आळीत, चांगुणाच्या भिंतीला भिंत लावून. घरात सासू-सासरे नव्हते. नवरा गोमा, चार महिन्यांचं तान्हं आणि ती. गोमाची जाळी वैशाखात खडकाला लागून फाटून गेली होती, म्हणून तो कुणब्यांच्या गावी भातलावणीला गेला होता. आवडी रोज संध्याकाळी लेकीच्या पडवीत येऊन बसायची. पडवीतच. लेकीच्या सासरी आईनं आत पाऊल टाकायचं नाही, तिच्या चुलीकडे तर बघायचंही नाही, असा तेव्हा रिवाज होता. लेकीच्या घरात काय शिजतं याची चौकशी आईनं केली, तर जावयाचा अपमान होतो म्हणे. एवढ्या नाकाची बाई, पण हा रिवाज तिनं कधी मोडला नाही.

त्या पडवीत बसली की तिला निरगुडीचा वास यायचा. एक दिवस नाही, रोज. शेजारून, चांगुणाच्या घरातून, जाडजूड, करपलेला धूर.

"तुजी शेजारीन रोज काय भाजतंय गो?" तिनं लेकीला विचारलं.

"मना काय ठावं, आये." हौशी पोराच्या टाळूवर तेल थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"वाटाघराचा माल हाय तो."

"चांगुणाबाय चांगली हाय, आये. तिच्या वाटंला जाऊ नको."

"चांगली हाय म्हनून तर माला खाली हाय," आवडी म्हणाली आणि उठली.

हौशीचे डोळे आत गेले होते. गालाची हाडं वर आली होती. आवडीनं ते बघितलं आणि मनाशी म्हटलं, तान्हं पोर आहे, जागरण होत असेल. दुसऱ्याच्या घरचा धूर ओळखणाऱ्या बाईला पोटच्या पोरीचं तोंड वाचता आलं नाही. आता काय बोलायचं?

पुढे चार दिवस ती खालच्या आळीत फेऱ्या घालत राहिली. कधी पाणी आणायच्या निमित्तानं, कधी उगीचच. धूर तिथूनच येत होता. पाचव्या दिवशी सकाळी ती देवळाच्या अंगणात उभी राहिली आणि तिनं जमात बोलावली.

जमातीचा म्होरक्या पोशा पाटील. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघं ज्या बाजूला झुकतील तिकडे त्याची मान आधीच झुकलेली असायची. आवडीनं सगळं सांगितलं. माळ्याचं, झाकलेल्या टोपलीचं, धुराचं. बोलताना तिचा आवाज चढत गेला आणि लोकांचे चेहरे बदलत गेले. कारण खरं सांगायचं तर, जवळजवळ प्रत्येकाच्या मनात तेच होतं. ज्याला मिळत नव्हतं त्याला वाटत होतं, दुसऱ्याला मिळतंय. ज्याला मिळत होतं त्याला वाटत होतं, दुसऱ्याला जास्त मिळतंय.

पाटलानं चांगुणाला विचारलं, "कोनाकोनाला दिलंस?"

"शपथ हाय."

"मग तुजे चुलीवर रोज काय असतंय?"

 चांगुणा म्हणाली, "चुरा भाजतंय."

लोक हसले. माळ्याच्या तळाशी राहतो तो चुरा, काटे आणि पाल्याची माती. तो कुत्रं खात नाही, तो ही बाई रोज भाजते म्हणे. चार माणसं तिच्या घरात जाऊन बघून आली. मडक्यात नाचणीचे मूठभर दाणे, आणि चुलीवर तवा, तव्यावर जळून कोळसा झालेला चुरा. दुसरं काही नाही. आवडी म्हणाली, "खाऊन उरलेला हाय तो. माल पोटान गेला, आता कंय दिसंल?" हे सगळ्यांना पटलं. पटायला फार काही लागत नव्हतंच.

किल्ली काढून घेतली आणि आवडीच्या हातात दिली. चांगुणानं शाप दिला नाही, ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "किल्ली बांध कमरंला, आवडी. पन नाकावर पदर घे." आवडीला तो टोमणा वाटला.

आवडीचं राज्य सुरू झालं. तिनं देवीपुढं शपथ घेतली नाही. म्हणाली, लपवाछपवी आहे म्हणून तर चोरी होते. तिनं सरळ नियम सांगितला. ज्याला गरज असेल त्यानं दिवसाढवळ्या वाटाघराच्या पायरीवर यायचं आणि चारचौघांत तोंडानं मागायचं. मग मी त्याच्या घरी जाणार, मडकी उघडून बघणार, चूल बघणार आणि खरोखर काही नसेल तर देणार. आणि न मागता कुणाच्या घरून निरगुडीचा वास आला, तर तो चांगुणाच्या हातचा चोरीचा माल समजणार. गावाला नियम फार आवडला. चोख काम, असं सगळे म्हणाले.

आठ दिवस पायरीवर कुणी आलं नाही. पंधरा दिवस झाले, तरी कुणी नाही. आवडी रोज सकाळी माळ्याचं दार उघडून पायरीवर बसायची, पावसाकडे बघायची आणि दुपारी दार लावायची. संध्याकाळी लेकीच्या पडवीत बसायचं सोडून तिन्ही आळ्यांत नाक वर करून फिरायची. कुठंही निरगुडी नाही. "बघ पाटला," ती म्हणाली, "कोनाला गरज नव्हती. सगली चोरीच होती." पाटील म्हणाला, खरं आहे. माळ्यावरचा थर बोटभरही हलला नव्हता. तिला वाटलं, लखमा कुठून तरी बघत असेल, तर त्याला बरं वाटेल.

गावात मात्र गोष्टी होत होत्या. बायका भर पावसात ओहोटीला खडकांवर कालवं खरवडायला जायला लागल्या. पोरं खेळायची बंद झाली, नुसती दारात बसायची. मधल्या आळीत एक म्हातारा गेला; ताप होता म्हणाले. आवडीला यातही खोट दिसत होती. तिला वाटायचं, लोक मुद्दाम तोंडं पाडून बसलेत, कुठं तरी पुरून ठेवलंय आणि चोरून खातायत. ती मडक्यांवरच्या झाकण्यांकडे बघत चालायची. लोक तिला येताना बघून दारं ओढून घ्यायचे, आणि दारं ओढली म्हणून तिचा संशय आणखी वाढायचा.

मग आखाडातला तो बुधवार आला. संध्याकाळी ती नेहमीसारखी निघाली. वरची आळी संपली, मधली आळी संपली, आणि ती मध्येच थांबली. तिच्या लक्षात आलं, की निरगुडीचाच काय, कसलाच वास येत नाहीये. भाताचा नाही, भाकरीचा नाही, ओल्या लाकडाच्या धुराचाही नाही. पावसाचा आणि चिखलाचा वास, बस. तीस घरांचं गाव, दिवेलागणीची वेळ, आणि एका छपरातून धूर नाही. जन्मभर नाकावर जगलेल्या त्या बाईला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, असं सांगतात.

ती जवळजवळ धावतच खालच्या आळीत गेली. लेकीच्या पडवीत उभी राहून तिनं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. आतून तान्ह्याचं कुरकुरणं आलं, तेही किती बारीक. आवडी उंबऱ्याशी अडखळली. मग रिवाज गेला चुलीत म्हणून आत शिरली.

चूल थंड होती. राखेवर उंदरांच्या पावलांचे ठसे होते. तान्हं आईला बिलगून चोखत होतं आणि काही मिळत नाही म्हणून कण्हत होतं. हौशी भिंतीशी पडली होती. तिच्या ओठांना कच्च्या कण्यांचे दाणे चिकटले होते. चुलीमागं एक मडकं पालथं घातलेलं होतं. आवडीनं ते उचललं. खाली एक फडकं, चांगुणाच्या हातच्या दुहेरी गाठीचं. फडक्यात सुकट, कण्या आणि मध्ये निरगुडीची पानं. नावाला चार चिमटी कमी झालेली, बाकी सगळं तसंच. किल्ली हिसकून घ्यायच्या आधी चांगुणानं देऊन ठेवलेलं. पंधरा दिवस ते घरात होतं आणि पोरगी उपाशी होती.

आवडीनं चुलीत काटक्या घातल्या. त्या आवाजानं हौशीनं डोळे उघडले. समोर कोण आहे ते तिला कळलं नाही. तापलेल्या माणसासारखी ती पुटपुटली, "भाजू नको गो. माजे आयेला वास येल."

आवडीनं हातातली काटकी खाली ठेवली.

मग तिला सगळं कळलं, एकामागून एक. पडवीत बसून रोज हुंगलेला तो वास भिंतीपलीकडून येत होता, तसा भिंतीच्या अलीकडूनही येत होता. तिच्याच लेकीच्या चुलीवरून. चांगुणा स्वतः नाचणीचे दाणे चावून राहत होती आणि रोज संध्याकाळी तव्यावर चुरा जाळत होती, म्हणजे खालच्या आळीत निरगुडीचा एवढा धूर व्हावा, की कुणाच्या घरात काय शिजतंय ते कळू नये. घेणाऱ्यांची अब्रू ती धुरानं झाकत होती. आणि आवडीनं तो धूर बंद केला होता.

"चांगुणा," तिनं भिंतीकडे तोंड करून हाक मारली. "चांगुणाबाय गो, ईस्तव घेऊन ये."

चांगुणा फुटक्या खापरावर राखेत जपलेले निखारे घेऊन आली. तिनं पेज चढवली आणि हौशीचं डोकं मांडीवर घेतलं. आवडीनं मात्र तवा आणि चार निखारे उचलून बाहेर पडवीत, सगळ्या आळीला दिसेल अशा जागी मांडले, त्यावर सुकट टाकली आणि ओलं लाकूड लावलं. धूर उठला. ती उभी राहून ओरडून सांगायला लागली, "हा वास माजे घरचा हाय. लखमा तांडेलाच्या घरचा. माजी लेक वाटाघराचा खातंय, मी पन खानार. ज्याला हुंगायचा त्यानं हुंगून घ्या."

दारं उघडली. लोक पावसात उभे राहून बघत राहिले. कुणी पुढे आलं नाही. आवडीनं कमरेची किल्ली काढली, आत जाऊन चांगुणाच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्या पायावर डोकं टेकलं. हौशीला पेज पाजून मग दोघी मिळून वाटाघरात गेल्या आणि पाट्या भरून खाली आल्या. वरच्या आळीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली, एकही घर गाळलं नाही.

पोशा पाटील दारात उभा होता. त्याच्या घरी चार महिन्यांचं धान्य होतं हे सगळ्यांना माहीत होतं. तो म्हणाला, "मना गरज नाय."

"ठावं हाय मना," आवडी म्हणाली. "गरज कोनाला हाय ते कलू नये, म्हनून तू भाज."

पाटलानं ओंजळ पुढे केली. थोड्या वेळानं त्याच्या छपरातून धूर निघाला. मग शेजारच्या, मग पलीकडच्या. असं सांगतात, की त्या संध्याकाळी वारा पडला आणि धूर गावावर बसून राहिला. शेजारच्या घरचा माणूस दिसत नव्हता. पोरं खोकत होती आणि खात होती. कुणी किती घेतलं, कुणी पुन्हा मागितलं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्या धुरात कुणालाच कळलं नाही.

त्याच धुरातून वाट काढत आवडी देवीच्या देवळात गेली आणि तिनं नवस बोलला म्हणे. "माजं नाक ने, पन माजी लेक ठेव." सकाळी हौशीनं पाणी मागितलं. तीन दिवसांनी दूध उतरलं. आणि आवडीला कसलाच वास येईनासा झाला. लोकांनी परीक्षा घेतली. नाकाशी कुजका मासा धरला, कांदा धरला, चमेलीचं फूल धरलं. ती म्हणायची, काय हाय ते? मना काय कलत नाय. देवीनं नेलं, असं गाव म्हणालं.

इथं गोष्ट संपायला हवी होती, पण तशी संपत नाही. हौशी बरी झाली, तान्हं बाळसं धरायला लागलं, गोमा लावणीहून परत आला. आवडी पहिल्यासारखी रोज येऊन बसायची. आता पडवीत नाही, आत बसायची, रिवाज मोडला तो मोडलाच. हौशी तिला पाणी द्यायची, पोर मांडीवर द्यायची, दोन गोष्टी बोलायची. पण आई घरात आहे तोवर ती चूल पेटवायची नाही. राग नव्हता. काटक्या पुढ्यात घ्यायची आणि तिचा हात थांबायचा. आई उठून गेली, की मग फुंकणी हातात घ्यायची. आवडीला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं.  लेकीला जेवायला उशीर होऊ नये म्हणून ती दिवेलागणीच्या आधीच उठून जायला लागली. पावसाळा गेला, हिवाळा गेला, शिमगा गेला, आणि एकदाही तिनं लेकीच्या चुलीचा उजेड बघितला नाही.

पुढच्या आखाडात जमातीनं ठरवलं, की बुधवारी सगळ्या गावानं वाटाघरातून ओंजळभर घ्यायचं आणि एकाच वेळी भाजायचं. पहिल्या बुधवारी आवडी लेकीकडे गेली ती दिवेलागणी झाली तरी उठलीच नाही. बाहेर आळीभर धूर झाला. हौशी तवा घेऊन तशीच बसलेली. तेव्हा आवडी चुलीच्या अगदी जवळ सरकली आणि म्हणाली, "मना वास येत नाय गो. तू भाज."

हौशी आईकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं काटक्या लावल्या.

आता आमच्यात एक वाद आहे, तोही सांगून टाकतो. आवडीचं नाक खरंच गेलं होतं का? वरची आळी म्हणते, गेलं होतं, देवीनं नेलं. खालची आळी मानत नाही. ती म्हणते, आवडी म्हातारपणी एकदा खळ्यावरून जाताना थबकली आणि डोळे मिटलेले असताना म्हणाली, कुणाचा तरी बोंबील भिजलाय गो. आणि चांगुणाबाय शेजारी उभी होती, ती हसली. म्हणजे ती बाई वीस वर्षं रोज लेकीच्या चुलीपाशी बसून खोटं बोलत होती. यावर लग्नाच्या पंगतीतसुद्धा भांडणं होतात. होऊ देत.

आजही आखाडातल्या बुधवारी दिवेलागणीला करंजवेळेतल्या आया लेकींच्या घरी जातात. ज्यांच्या लेकी गावातच दिल्या आहेत त्या चालत जातात, ज्यांच्या शहरात आहेत त्या फोन लावून बसतात. वाटाघरातून कुणाला नुसता मान म्हणून मिळालेलं असतं आणि कुणाचा त्यावर महिना निघणार असतो. आई चुलीजवळ, नाहीतर शेगडीजवळ बसते. कुठून आणलंस, पुरतं का, जावई काय कमावतो, असलं काही विचारत नाही. घर धुरानं भरलेलं असतं, डोळे चुरचुरत असतात, आणि आई म्हणते, "मना वास येत नाय गो. तू भाज." आणि लेक भाजते.